टायमिंग चेन बदलायची आहे, पण ट्रकचं ऑइल चेंबर काढायचं की नाही?

खडीवाट (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी.

मी कोलोराडोत असतो. माझ्याकडे १९९१ चा टोयोटा पिकअप आहे. फोर बाय फोर, २.४ लिटरचं २२-आरई इंजिन. इकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात, म्हणून शीर्षकात ट्रक. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतला, २ लाख १४ हजार मैल पळालाय आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे.

गेल्या हिवाळ्यापासून सकाळी सुरू केला की पुढच्या बाजूने पाच-सात सेकंद खळखळ यायची, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. ऑइलचं प्रेशर आलं की बंद. महिन्याभरापासून ती बंदच होईना. आज वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढून टॉर्च मारला. टायमिंग चेन म्हणजे खालच्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी. तिला रेषेत ठेवणारी डाव्या बाजूची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे गाइड, वरून अर्धी तुटलेली आहे. तेहतीस-चौतीस वर्षं गरम तेलात राहिलेलं प्लॅस्टिक, त्याला तरी काय बोलणार. ऑइलमध्ये कूलंट मिसळलेलं नाही, तेवढं नशीब.

सामान आणून ठेवलंय : चेन, दोन्ही दातेरी चक्रं, टेन्शनर (चेन ताणून धरणारा), लोखंडी पाठीच्या नव्या गाइड, नवं टायमिंग कव्हर, वॉटर पंप, ऑइल पंप.

अडलंय ते खाली. चेनवरच्या टायमिंग कव्हरचा खालचा काठ ऑइल चेंबरवर (इंजिनाच्या तळाची तेलाची परात) बसतो आणि चेंबरचे पुढचे बोल्ट खालून त्या कव्हरमध्ये जातात. चेंबरच्या खाली पुढचं डिफरन्शियल (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) इतकं चिकटून आहे की मधे तळहात आडवा जात नाही. कंपनीच्या मॅन्युअलात डिफरन्शियल उतरवा, चेंबर काढा, हेडही काढा, असं सांगितलंय. बरेच जण मात्र चेंबरचे पुढचे बोल्ट काढून, बाजूचे थोडे सैल करून कव्हर पुढे ओढून घेतात. तिसरा मार्ग म्हणजे इंजिनाचे माउंटिंग सोडून इंजिन जॅकीने उचलायचं आणि चेंबर तिरकं करून बाहेर काढायचं.

जागा म्हणजे घरापुढची सिमेंटची उतरण, माणूस मी एकटा, वेळ दोन शनिवार-रविवार. काय करू?

शारजावाला (शनिवार, रात्री ११:३२)

चेंबरला हात लावू नका.

माझ्याकडे इथे १९९४ ची हायलक्स आहे, कार्ब्युरेटरवाली २२-आर, टू-व्हील. चार वर्षांपूर्वी चेन बदलली. चेंबरचे पुढचे बोल्ट काढले, दोन्ही बाजूंचे पुढचे तीन-तीन सैल केले, पातळ पातं घालून सिलिकोन कापलं आणि कव्हर हलकेच पुढे घेतलं. बसवताना दोन्ही कोपऱ्यांत सिलिकोन जरा सढळ हाताने भरलं. आजतागायत थेंब गळलेला नाही. सकाळी सनायात (इकडचा इंडस्ट्रियल एरिया) मित्राच्या शेडमध्ये सुरुवात केली आणि मगरिबच्या अजानीला गाडी सुरू. डिफरन्शियल उतरवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून जबडा काढण्यासारखं आहे.

घाटमाथा (रविवार, सकाळी ७:०५)

जबडा :-)))

वाचतोय. माझ्याकडे फक्त स्कूटर आहे, तरी वाचतोय.

मिस्त्री_कराड (रविवार, सकाळी ८:४०)

मालक, एकच इचारतो. गाइड तुटली म्हणताय, मग तुटलेलं तुकडं गेलं कुठं?

वर तर राहिलं नसणार. चेनच्या मागनं खाली गेलं, म्हंजे चेंबरात. चेंबरात ऑइल पंपाची जाळी. पंप चालू झाला की वढ लागती आणि समदं जाळीला जाऊन चिकटतं. जाळी निम्मी भरली की वरच्या टापेटला तेल कमी, बेअरिंगला तेल कमी. एक दिवस घाटात इंजिन बसलं की मग चेंबरच न्हाई, समदंच उतरवायचं.

४१ वर्षं हात काळं केल्यात. गाइड शाबूत आसल तर चेंबर ऱ्हाऊ द्या, माझं काय म्हणणं न्हाई. तुटली आसल तर चेंबर काढायचंच. ह्यात दुसरा इचार न्हाई.

शारजावाला (रविवार, सकाळी ९:१५)

मिस्त्रीकाका, हे बरोबर बोललात. माझ्या गाइड झिजल्या होत्या, चिराही गेल्या होत्या, पण तुकडा पडला नव्हता. वर लिहिताना हा फरक डोक्यातच आला नाही. खडीवाट, माझं उदाहरण तुम्हाला लागू नाही.

तरी एक सुचवतो. ड्रेन प्लगच्या भोकातून डिझेल मारून धुतलं तर? किंवा मॅग्नेट?

मिस्त्री_कराड (रविवार, सकाळी ९:५०)

प्लॅस्टिकला मॅग्नेट काय करणार वो. आणि ड्रेनचं भोक केवढं, तुकडा केवढा. बोटाच्या पेराएवढं तुकडं निघत्यात. डिझेलनं बारीक चुरा येईल, मोठा आत ऱ्हाईल आणि तुम्हाला वाटंल साफ झालं. ते जास्त वाईट.

सीलबंद (रविवार, सकाळी ११:२०)

मी पुण्यात सीलिंगच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे त्या कोपऱ्यांबद्दल बोलायलाच हवं.

चेंबर, टायमिंग कव्हर आणि ब्लॉक ही तीन अंगं जिथे एकत्र येतात तो टी-सांधा कोणत्याही इंजिनात गळतीची पहिली जागा असतो. चेंबर न काढता कव्हर बसवलं की त्या सांध्यात जुन्या सिलिकोनचा कापलेला काठ आणि नवा थर शेजारी येतात. वाळलेल्या सिलिकोनला नवं सिलिकोन नीट धरत नाही. शिवाय आतून तेलाचा ओघळ सतत उतरत असल्यामुळे ती जागा कोरडी ठेवणं जवळपास अशक्य. शारजावाला यांचं गळलं नाही ते त्यांच्या हाताच्या सफाईमुळे. दर वेळी तसं होईल असं नाही.

आणि “सढळ हाताने” हा शब्द वाचून मला धसकाच बसला. जास्तीचं सिलिकोन बाहेर येतं तेवढंच आतही येतं. आतला शेव तुटला की तोही त्याच जाळीवर जाऊन बसतो. ३ ते ५ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसायचे, बोट फिरवलं तर तेलकट लागता कामा नये. रेघ ओढली की साय धरायच्या आत चेंबर वर चढवायचं. त्यासाठी आधी एकदा सिलिकोन न लावता चढवून पाहा. अडचण कुठे येते ते तेव्हाच कळू दे.

चेंबरचा पत्रा पातळ असतो. जुनं सिलिकोन सोडवताना स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की काठ वाकतो. सपाट फरशीवर उलटा ठेवून पाहा आणि बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगला असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने बसवा.

यारा_काठ (रविवार, दुपारी १:०५)

मेलबर्नहून. माझी १९९२ ची हायलक्स, २२-आर, फोर बाय फोर. इकडच्या त्या मॉडेलला पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे आहेत, त्यामुळे चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून ॲक्सल खाली लोंबकळू दिला की चेंबरला बरीच जागा होते. तुमच्याकडे १९८६ पासून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि डिफरन्शियल चासीला टांगलं गेलं. म्हणून ही पंचाईत.

हेड न काढता कव्हर काढणार असाल तर एक बोल्ट लक्षात ठेवा. हेडच्या अगदी पुढच्या टोकाला, कॅमच्या चक्रापुढे एक खळगा आहे, त्यात तेल साचलेलं असतं. त्या तेलाखाली एक उभा बोल्ट खाली टायमिंग कव्हरमध्ये जातो. वरून दिसतच नाही. मी सगळे बोल्ट काढले असं समजून कव्हरवर पहार लावली. कट्ट आवाज झाला आणि कव्हरचा कान तुटून हातात आला. रविवारची संध्याकाळ, दुकानं बंद. आधी चिंधीने तेल टिपून घ्या, मग बोल्ट दिसेल.

हेड गॅस्केटचा पुढचा काठ कव्हरच्या माथ्यावर दाबलेला असतो, त्यालाही पात्याने सोडवून घ्या. तो फाटला तर हेड उतरवणं आलंच.

आणि हो, माझी ड्रायव्हर साइडची गाइड शाबूत होती, दुसरी गेली होती. सगळे उलटं का सांगतात?

शारजावाला (रविवार, दुपारी १:३०)

कारण तुमचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो!

यारा_काठ (रविवार, दुपारी १:३४)

अरे हो की. चार वर्षं मला वाटत होतं माझं इंजिन वेगळं आहे.

खडीवाट (रविवार, रात्री ८:१५)

यापुढे डावं-उजवं गाडीत बसून पुढे बघताना धरू या. क्रँक समोरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून डावी बाजू ओढीची आणि उजवी सैल, टेन्शनर तिकडे. डावी गाइड गेली की चेन थेट कव्हरच्या भिंतीला घासायला लागते. त्या भिंतीपलीकडे कूलंटची वाट आहे. भिंत कापली गेली की पाणी तेलात, आणि ऑइलचा दुधाळ चहा होतो. आज माझ्या कव्हरमध्ये वरून बोट घातलं तर दीड-दोन मिलिमीटरची चर लागली. वेळेवर थांबलो.

मिस्त्रीकाका, तुमच्या प्रश्नाने डोकं साफ झालं. वरून दिसणाऱ्या गाइडचा किमान निम्मा भाग गायब आहे. चेंबर काढतोय.

घाटमाथा (रविवार, रात्री ९:००)

एक अडाणी प्रश्न. आपल्याकडच्या ट्रकच्या टायमिंग चेनबद्दल कधी ऐकलं नाही. आपल्या ट्रकना ती नसतेच का?

मिस्त्री_कराड (सोमवार, सकाळी ७:३०)

चांगलं इचारलंत. टाटाच्या १२१०, १६१३ ला गिअर. क्रँकचा गिअर, मधला गिअर, कॅमचा गिअर. त्यो ६९७ इंजिन मूळ मर्सिडीजच्या घराण्यातला, कॅम खाली ब्लॉकात, म्हणून गिअर पोचतो. तुटत न्हाई, ताणत न्हाई, फकस्त आवाज करतो.

पद्मिनीला चेन हुती, पण कॅम तिचाबी ब्लॉकात, म्हंजे चेन हातभर न्हाई, वीतभर. तिला असल्या लांब गाइड लागत न्हाईत. ह्यांच्या टोयोटात कॅम वर हेडात, त्यामुळं चेन खालनं वरपत्तर लांब. लांब चेन फडफडती, फडफडती म्हणून गाइड.

क्वालिस आली तवा तिला रबराचा पट्टा. पट्टा बाहेरनं बदलतो, चेंबरचा संबंध न्हाई, पण येळेवर बदलला न्हाई तर इंजिन फुकट.

जुनी_वाट (सोमवार, दुपारी १२:१०)

ही भर घालतो. १९८२ पर्यंतच्या २२-आर ला दुपदरी चेन होती, १९८३ पासून एकपदरी आली. काही जण एकपदरी काढून दुपदरीचं किट बसवतात. माझ्या मते नेहमीच्या वापराला त्याची गरज नाही. लोखंडी पाठीच्या गाइड आणि दर ३ हजार मैलांना ऑइल, एवढं पुरतं.

बाहेर काढल्यावर जुनी चेन मोजा. ताणून धरून १७ कड्यांची लांबी १४७ मिलिमीटरच्या वर गेली असेल तर ती संपली. तुम्ही नवी घालताय, पण किती ताणली होती ते कळलं की आवाजाचं कारण पक्कं होतं.

सीलबंद (सोमवार, दुपारी १:४५)

जुनी_वाट, दर ३ हजार मैल म्हणजे साडेचार-पाच हजार किलोमीटर. आजच्या चांगल्या ऑइलला हे जरा लवकर नाही का होत?

जुनी_वाट (सोमवार, दुपारी २:२०)

होतं, ताई. पण टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत त्याच्याकडे प्रेशर नसतं, चेन तेव्हाच गाइडला मारते. ऑइल घट्ट, मळकं झालं की ते सेकंद वाढतात. कोलोराडोच्या थंडीत तर जास्तच. म्हणून मी लवकर बदलतो. दोघांचं बरोबर असू शकतं.

खडीवाट (पुढचा रविवार, रात्री १०:४०)

उशिरा लिहितोय, हात अजून काळेच आहेत. जे घडलं ते सविस्तर सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

शनिवारी आधी तिसरा मार्ग करून पाहिला. बॅटरी सोडली, कूलंट आणि ऑइल काढलं, रेडिएटर, पंखा, त्याचं प्लॅस्टिकचं कडं काढलं. माउंटिंगचे नट सोडून इंजिन लाकडाचा ठोकळा ठेवून उचललं. दोन इंच जागा झाली, चेंबर सुटलंही, पण आतली जाळी आडवी येते. फटीतून हात घालून जाळीचे बोल्ट सोडायचे आणि ती चेंबरात पाडून सगळं एकत्र ओढायचं, असं काही जण करतात. माझं मनगट तिथे वळलंच नाही. शिवाय चेंबर घासून काढता आलं तरी ताजी सिलिकोनची रेघ लावून न फासता परत कसं घालणार? सीलबंदताईंचं “आधी सिलिकोन न लावता चढवून पाहा” आठवलं आणि तिथेच थांबलो. इंजिन परत खाली बसवलं.

मग डिफरन्शियल. ट्रक चार घोड्यांवर, मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी. पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचे चार नट, दोन्ही बाजूंच्या ड्राइव्ह शाफ्टचे सहा-सहा. फ्लँजवर आधी पांढरी खूण केली, म्हणजे होतं तसंच परत बसेल. ब्रीदर पाइप आणि वायरचं कनेक्शन सोडलं. मग खाली गिअरबॉक्सची जॅकी, पट्ट्याने आवळून, आणि शेवटी माउंटिंगचे बोल्ट. शेजारचा मुलगा पट्टा धरायला आला. हे काम एकट्याने करू नये, वजन अचानक कलतं. वर एकटा आहे असं लिहिलं होतं, पण शेजाऱ्याचं दार वाजवायला दोन मिनिटं लागतात.

सगळं मिळून अडीच तास. ज्याला मी आठवडाभर घाबरत होतो ते एवढंच होतं. मग चेंबर सरळ खाली आलं, दोन हातांत.

आणि मिस्त्रीकाका, तुकडं तिथंच होतं. चेंबराच्या तळाला सात, आणि जाळीत अडकलेले चार, शिवाय तपकिरी चुरा. जाळीचा एक तृतीयांश भाग बंद. वर्तमानपत्रावर जुनी गाइड ठेवली आणि तुकडे जुळवले. एक कमी पडला. बायकोला बोलावलं, ती असली कोडी पटकन सोडवते. तिने जाळी उलटी करून फरशीवर आपटली, आतून बारावा तुकडा निघाला. गाइड पूर्ण झाली तेव्हा कुठे माझा जीव खाली आला.

चेंबर उघडंच होतं म्हणून एका कनेक्टिंग रॉडची कॅप सोडून बेअरिंग पाहिलं. राखाडी, एकसारखं, तांब्याचा रंग कुठे नाही. जुनी चेन मोजली, १४९. जुनी_वाट, तुम्ही म्हणालात तेच.

यारा_काठ (सोमवार, पहाटे ५:१५)

बारावा तुकडा! वाचतानाच श्वास रोखला होता.

तो लपलेला बोल्ट?

खडीवाट (सोमवार, सकाळी ६:३०)

सगळ्यात आधी तोच काढला आणि बशीत वेगळा ठेवला. तुमच्यामुळे माझं कव्हर एका तुकड्यात बाहेर आलं.

आता पुढच्या शनिवारी जोडणी. क्रँक पुलीचा बोल्ट सोडताना लांब दांडा चासीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती वापरली, सुटला. पण आवळताना क्रँक धरायचा कसा?

मिस्त्री_कराड (सोमवार, सकाळी ८:००)

ती युक्ती परत करू नगा. दांडा निसटला तर हात नायतर रेडिएटर, दोन्हीतलं एक जातंय. मी एका पोराचं बोट गेल्यालं बघितलंय.

आवळताना टॉप गिअर टाका, दुसऱ्या माणसाला ब्रेकवर बसवा. १५७ न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानं. कॅमच्या चक्राचा बोल्ट ७८. चेनच्या चमकणाऱ्या कड्या दोन्ही चक्रांच्या खुणांवर आल्यात का बघा, कॅमची पिन वर, पैल्या सिलिंडरचा पिस्टन वर. समदं लावल्यावर सुरू करायच्या आधी पान्यानं हातानं दोन फेरं फिरवा. कुठं अडलं तर जोर लावायचा न्हाई, परत उघडायचं.

नव्या ऑइल पंपात व्हॅसलीन भरा, म्हंजे पैल्या फेऱ्यालाच तेल वढतो. कोरडा पंप फिरला तर टेन्शनरला प्रेशर यायला उशीर, आणि नवी गाइड पैल्या दिवशीच मार खाती.

सीलबंद (सोमवार, सकाळी १०:०५)

चेंबरचे बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळा. लहान बोल्ट आहेत, मनगटाच्या जोरावर थांबा. जास्त आवळले की पत्रा दोन बोल्टांच्या मधे उचलला जातो आणि गळती तिथूनच होते. त्यानंतर रात्रभर तसंच ठेवा, ऑइल दुसऱ्या दिवशी भरा.

खडीवाट (त्यापुढचा रविवार, दुपारी ४:२०)

सुरू झाला.

फ्यूज काढून आधी स्टार्टरने फिरवला, ऑइलचा दिवा विझल्यावर फ्यूज लावला. ४.३ लिटर नवं ऑइल. पहाटे बाहेर उणे सहा होतं, मुद्दाम तेव्हाच सुरू केला. जेमतेम एक सेकंद हलकी खळखळ आली, मग फक्त इंजेक्टरची टिकटिक. चाळीस मैल फिरवून आणून खाली पुठ्ठा पसरलाय. तीन तास झाले, पुठ्ठा कोरडा आहे.

शारजावाला (रविवार, दुपारी ४:५५)

मनापासून आनंद झाला. माझ्या चेंबरात काय आहे याची आता मलाच चिंता लागलीय, या शुक्रवारी उघडतोय. टू-व्हीलला पुढे डिफरन्शियल नाही, पण स्टिअरिंगची मधली दांडी आडवी येते. ती खाली घ्यायला बॉल जॉइंटचा पुलर लागेल ना, काका?

मिस्त्री_कराड (रविवार, संध्याकाळी ५:३०)

पुलर आसल तर बेस. नसंल तर नट टोकाला ठेवून, जॉइंटच्या कानावर दोन्ही बाजूंनी एकाच टायमाला दोन हातोड्या. आट्यावर मारू नगा. आणि उघडल्यावर फोटू टाका.